काळा टी-शर्ट आणि आडवी बाटली

हॉस्टेलमध्ये माणसाची ओळख दोन गोष्टींवरून ठरते. सकाळी बाथरूमच्या रांगेत तो कितवा असतो आणि त्याच्या खोलीतून काय ऐकू येतं! माझ्या हेडफोनची वायर निसटली की जे ऐकू येतं, त्याला आमच्या विंगमध्ये ‘मिक्सरमध्ये खडे’ म्हणतात. मेसच्या काकांनी तर एकदा काळजीने विचारलं होतं, "अरे, त्याला बरं नाहीये का?" तो बिचारा गायक होता.

हसा, हसायलाच पाहिजे. पण या हसण्यामागे एक मत लपलेलं असतं, त्याबद्दल मला बोलायचंय. मेटल ऐकणारा म्हणजे काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, आणि ओघानेच हातात बिअर. थोडक्यात, वाया गेलेला. यंदाच्या गॅदरिंगला मेटल बँडसाठी वीस मिनिटं द्या, असं आम्ही चौघांनी मागितलं तेव्हा चर्चेत पहिला शब्द ‘संगीत’ आला नाही, ‘दारू’ आला. म्हणून म्हटलं, दोन्हींबद्दल एकदाच लिहून टाकावं.

मी मुरबाडचा. शाळा कल्याणची, कॉन्व्हेंट, रोज एसटीने ये-जा. शाळेत इंग्रजी प्रार्थना आणि घरी आजीचं पसायदान, अशी माझी खिचडी. त्यात अकरावीत मित्राने मेटल कानात घातलं, आणि ते काही बाहेर निघालं नाही.

आधी संगीत. या संगीताचा जन्म कुठे झाला माहीत आहे? आपल्या ओळखीच्या जागी, शीट मेटलच्या कारखान्यात! इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी १७ वर्षांचा होता. कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं तीच. दुसरा असता तर गिटार विकली असती. याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या बनवल्या, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात वाजवल्या. १९७० साली ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम आला, आणि त्या जड, दाट आवाजातून पुढचं सगळं मेटल निघालं. ५ जुलै २०२५ ला या बँडचा शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच गावात झाला, आणि १७ दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. वर्कशॉपमध्ये सर ‘सेफ्टी, सेफ्टी’ ओरडतात तेव्हा मला आयोमीच आठवतो.

बरं, हा ‘खरखर’ आवाज म्हणजे काय? इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी डायोड क्लिपर जोडलाय. गोल साइन वेव्ह आत जाते, डोकं कापून चपटी बाहेर येते. डिस्टॉर्शन पेडलमध्ये हेच असतं! वेव्ह चपटी झाली की मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर जन्माला येतात, फूरिए साहेबांनी सांगितलंय तसे, आणि एकच तार भिंतीएवढी वाटायला लागते. म्हणूनच मेटलवाले पूर्ण कॉर्ड फारसे वाजवत नाहीत. षड्ज आणि पंचम, बस. मध्ये गंधार घातला की या आवाजात सगळा चिखल होतो. ड्रमर मिनिटाला २०० च्या वर ठोके दोन्ही पायांनी समान वाजवतो. रागाच्या भरात हे जमत नाही, मेट्रोनोम लावून वर्षानुवर्षं घासावं लागतं. आणि ती गुरगुर? ती नीट शिकून काढली नाही तर गळा कायमचा बसतो.

मग आवडतं काय? खरं सांगू? पहिल्यांदा मलाही नुसता गोंगाटच वाटला. कारलं लहानपणी कुणाला आवडतं? पण दहाव्यांदा ऐकताना गोंगाटात रस्ते दिसायला लागतात. हा बास, ही दुसरी गिटार, इथे ताल सातावर गेला... सबमिशनच्या आठवड्यात डोक्यात जो कोलाहल असतो, त्याच्यापेक्षा मोठा पण शिस्तीतला कोलाहल बाहेर मिळाला की आतला गप्प बसतो. माझा तरी बसतो. हाच त्यातला आनंद.

‘पण हे सगळं सैतानी असतं,’ असं एकजण म्हणाला. मुंबईचा एक बँड आहे, ‘डेमॉनिक रेझरेक्शन’, २००० साली सुरू झालेला. नाव ऐकूनच आजी उदबत्ती लावेल! त्यांचा २०१७ चा अल्बम कशावर आहे? ‘दशावतार’! मत्स्य, कूर्म, वराह... ओळीने. बँडचा म्होरक्या साहिल मखिजा यूट्यूबवर स्वयंपाक शिकवतो. दुसरं उदाहरण ‘आयर्न मेडन’चं. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी जगाच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली, तेव्हा त्यांचं बोइंग ७५७ विमान चालवायला त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होता. वाया गेलेल्या मुलांची ही उदाहरणं.

आणि हे शहरी फॅड आहे असंही समजू नका. जर्मनीत वाकेन नावाचं खेडं आहे, वस्ती साधारण दोन हजार. १९९० साली तिथे गावाबाहेर एका खडीच्या खाणीत छोटा मेटल कार्यक्रम झाला. आज तिथे शेतांत तंबू ठोकून ८० हजारांच्या आसपास माणसं जमतात. गावच्या अग्निशमन दलाचा बँड तिथे वाजवतो, गावकरी पाहुण्यांना नाश्ता विकतात. मला तर हे वाचून आपली पौष पौर्णिमेची म्हसोबाची यात्राच डोळ्यांसमोर आली. म्हसा गाव केवढंसं, पण यात्रेत बैलबाजार, पाळणे, तंबू, माणसांचा पूर. फरक एवढाच की वाकेनला २०१७ साली मैदानाखालून बिअरची पाइपलाइन टाकली!

आलो शेवटी बिअरवर. संबंध आहे, नाकारत नाही. आयर्न मेडनने २०१३ साली रॉबिन्सन्स या इंग्लंडमधल्या जुन्या ब्रुअरीबरोबर ‘ट्रूपर’ नावाची बिअरच काढली. हल्ली ज्याला ‘क्राफ्ट बिअर’ म्हणतात, तिचं आणि मेटलचं जमतं कारण दोन्हीकडे माणूस कडवट गोष्ट हौसेने, बारकाईने बनवतो. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ साली पुण्यात निघाली, तिचं नाव ‘डूलाली’. हा शब्द आपल्याच रेल्वे लाईनवरचा आहे! आसनगाव, खर्डी, कसारा, घाट चढून इगतपुरी, आणि पुढे देवळाली. ब्रिटिश सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या कँपात कंटाळून, तापाने भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा.

माझा मावसभाऊ ठाण्याकडे एका छोट्या ब्रुअरीत कामाला आहे. त्याने मला सगळा प्लँट दाखवला. भिजवून मोड आणलेला, भाजलेला सातू. तो मी चघळून पाहिला, गोडसर लागतो. ६५ अंशांच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवला की स्टार्चची साखर होते. मग हॉप्स घालून उकळायचं, कडूपणा तिथून येतो. मग यीस्ट. आणि सगळ्यात जास्त काम कोणतं? टाक्या धुणं! "आम्ही बिअरवाले नाही रे, भांडीवाले," भाऊ म्हणतो. मी प्यालो नाही. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५, वर परवाना. मी वीस वर्षांचा. विषय संपला.

कायद्यापुरता संपला. पण माझ्या घरी तो कायद्याचा नाही. माझा मामा शहापूर तालुक्यात राहायचा. देशीने ३८ व्या वर्षी गेला. मामीने दोन पोरं वीटभट्टीवर काम करून वाढवली. माझ्या एका टी-शर्टवर बँडच्या नावाखाली बिअरचा मग छापलाय. आई तो धुते, पण दोरीवर उलटा वाळत घालते. काही बोलत नाही. त्यामुळे ‘चिल मार, बिअरच तर आहे’ हे वाक्य मला कुणी ऐकवू नये. गावोगावच्या बायकांनी आडवी बाटली करण्यासाठी मतदान केलंय, ते काय त्यांना मजा नको होती म्हणून?

मात्र इतिहासही बघा. आपल्या ठाकूर, कातकरी, वारली लोकांसाठी मोहाचं फूल हे दारूच्या आधी अन्न होतं. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मोहफुलांवर बंधनं आणली, कारण घरची दारू थांबवून सरकारी ठेक्याचा महसूल वाढवायचा होता. म्हणजे पिणं बंद झालं नाही. सणाची, घरची, ओळखीची दारू गेली आणि दुकानातली आली. मामा प्यायचा ती चवीसाठी नव्हती, आठवण बुजवण्यासाठी होती. आणि हे पण लक्षात ठेवा की बिअरचा मोठा भाग पाणीच असतो, आणि एक लिटर बनवायला कितीतरी लिटर पाणी लागतं. मुंबईत जो ग्लास फेसाळतो त्यातलं पाणी बरंचसं आपल्या भातसा-तानसाचं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर बायका टँकरमागे धावतात. हे माहीत असलेल्या माणसाने पहिला घोट तरी जपूनच घ्यावा.

तर माझं मत असं. गोष्ट कडक आहे की मऊ, हे बघू नका. ती माणसाला जागं करते की झोपवते, ते बघा. लक्ष देऊन ऐकलेलं मेटल आणि लक्ष देऊन घेतलेला एक ग्लास, दोन्ही जागं राहूनच जमतं. उलट, काहीही न ऐकता डीजेसमोर छाती धडधडेपर्यंत नाचणं आणि चव न कळता क्वार्टर रिचवणं, ही झोपच आहे. पण डीजेला परवानगी सहज मिळते, कारण तो ओळखीचा आहे.

आवाजाचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद, ते आम्हालाही मान्य. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं. शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज, म्हणून तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि मैफली थांबल्या. वाईट वाटतं, पण पेशंटची झोप मोठी. म्हणून आम्ही संध्याकाळी सातची वेळ मागतोय.

सर, मॅडम, वीस मिनिटं द्या. ड्रमर मेकॅनिकलचा आहे, त्याची अटेंडन्स विंगमध्ये सगळ्यात चांगली आहे. बिअर स्टेजवर नाही, खाली नाही, हॉस्टेलमध्येही नाही. मी पुढच्या वर्षी २१ चा होईन, तेव्हा परवाना काढून, आईला आधी सांगून एक ग्लास घ्यायचा की नाही ते ठरवीन. ती नको म्हणाली तर मावसभावाकडे टाक्या धुवायला जाईन, ते कामही मला आवडलंय. पण संगीतासाठी २१ वर्षांची अट कुठल्याही कायद्यात नाही. तेवढं तरी आत्ता ऐका!