लेक माहेरी येण्याआधी

मैत्रिणींनो, लेक पहिल्या बाळंतपणाला यायची म्हटली की आपण घर झाडूनपुसून लख्ख करतो. माळे रिकामे होतात, गाद्यांना ऊन दाखवलं जातं, आणि ‘एवीतेवी घर काढलंच आहे, तर वाळवीचं औषधही मारून घेऊ’ असं कुणीतरी म्हणतंच. इथं जरा थांबा. आधी एका चिमुकल्या माशाची गोष्ट ऐका.

हौसेच्या काचेच्या टाकीत निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा तुम्ही पाहिला असेल. तो झेब्रा मासा, मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात. कारण त्याची अंडी आईच्या पोटाबाहेर वाढतात आणि आतला जीव काचेसारखा पारदर्शक असतो. एका दिवसात हृदय धडधडू लागतं, पाचव्या दिवशी पिल्लू पोहतं. मेंदू घडताना सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतो! शिवाय माणसाच्या शंभरातल्या सुमारे सत्तर जनुकांशी जुळणारी जनुकं या माशात आहेत.

पण माशाचा मेंदू बिघडला, हे ओळखायचं कसं? वागण्यावरून. एकदम अंधार केला की पिल्लांची धावपळ वाढते, टाकीवर टिचकी मारली की ती दचकतात. यात फरक पडला की शंका घ्यायची.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो 2003 साली प्रसिद्ध झाला. वाळवीसाठी आपल्याकडे वापरतात त्यांपैकीच एक औषध, क्लोरपायरिफॉस. अंड्यापासून पहिले पाचच दिवस ते पाण्यात अगदी थोडं मिसळलं. पुढे मासे स्वच्छ पाण्यात वाढवले. मोठे झाल्यावर टाकीचा कोणता कप्पा बरोबर, डावा की उजवा, हे त्यांना शिकवलं. औषध लागलेले मासे शिकण्यात मागे पडले, आणि महिने लोटले तरी ती उणीव भरून आली नाही. पाच दिवसांचं विष जन्माला पुरलं म्हणायचं!

मासा म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण घडत्या मेंदूला जपायला हवं, एवढा इशारा पुरेसा आहे. अमेरिकेत तर या औषधाचा बहुतेक घरगुती वापर बंद करायचं 2000 सालीच ठरलं.

तेव्हा एवढं करा :

• गरोदर लेक किंवा तान्हं बाळ घरात असताना वाळवीचं काम काढू नका. अगदीच अडलं, तर तिची सोय दुसरीकडे करा.

• औषधाचं नाव विचारून लिहून ठेवा. किती दिवस खोली बंद ठेवायची, हेही विचारा.

• उरलेलं औषध सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका.

• झुरळांसाठी आधी फटी बुजवा, रात्री ओटा कोरडा ठेवा, खरकटं झाकून ठेवा.

औषध आधीच मारून झालं असेल, तर घाबरून जाऊ नका हं. दारं-खिडक्या उघडा आणि डॉक्टरांना ते नाव सांगा. वाळवीनं कुरतडलेली चौकट पुढे बदलता येईल. बाळाचा मेंदू मात्र एकदाच घडतो.