चिकन तेच, मग घरच्या ताटाची लाज का?

उल्हासनगरात डोनट आणि तळलेल्या चिकनचे सँडविच विकणारे एक नवे ठिकाण सुरू झाले आहे. काचेचे दार, आत एसी, भिंतीवर रंगीत दिवे. अंबरनाथ-बदलापूरची आपली पोरेपोरी सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून तिथे जातात, फोटो काढतात, स्टेटसला ठेवतात. त्यावरून एका बैठकीत वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडून म्हणाले, ‘‘बाबासाहेब पाण्यासाठी लढले आणि आमची पोरं डोनटच्या रांगेत उभी!’’ टाळ्या पडल्या. आम्ही टाळी वाजवली नाही.

आम्ही आधी जाऊन खाल्ले. डोनट म्हणजे मैद्याचे तळलेले गोड कडे, वर चॉकलेटचा थर. चांगला लागतो, पण उल्हासनगरच्या सिंधी मिठाईपुढे त्याने फार मान ताठ करू नये. सँडविचमधले चिकन बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, तिखट मात्र आपल्या जिभेला कमीच. तेवढ्या पैशांत घरी अर्धा किलो कोंबडी येते, हेही खरे. पण ‘महाग आहे’ हा एक मुद्दा झाला आणि ‘चळवळीशी गद्दारी आहे’ हा दुसरा. पहिला मान्य, दुसरा साफ अमान्य.

ज्येष्ठांना आमचे नम्र सांगणे आहे की संविधानाचे कलम १५(२) पुन्हा वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत कोणालाही अडवता येणार नाही, असे त्यात आहे. त्याच कलमात लगेच पुढे विहिरी आणि तलाव येतात. म्हणजे चवदार तळे आणि हॉटेलचे टेबल एकाच कलमात शेजारी शेजारी बसले आहेत. त्याच्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. एका कपाची किंमत राजाला कळत होती. मग आज आपली मुलगी काचेचे दार ढकलून आत जाते, हवे ते मागवते, खुर्चीवर बसून खाते, यात चळवळ बुडाली कशी? हे तर चळवळीचेच फळ आहे.

दुसरा आक्षेप येतो, ‘‘बाबासाहेबांनी मांस सोडायला सांगितले होते.’’ हे अर्धवट वाचन आहे. १९२७ च्या महाड परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदार मागितलेले उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले. प्रश्न स्वाभिमानाचा होता. कोणी बौद्ध म्हणून मनापासून शाकाहार पाळत असेल, तर त्याचा आदरच आहे. पण तो दुसऱ्याच्या ताटावर लादता येणार नाही.

आता तरुण मित्रमैत्रिणींनो, थोडे तुमच्याशी.

तुम्ही डोनट खाता याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. सँडविचचा फोटो स्टेटसला जातो. घरच्या सुकटीचा, वजरीचा, पाया रश्शाचा का जात नाही? अभ्यासवर्गात आम्ही हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळे हसले आणि मग गप्प झाले. शेवटी एक मुलगी म्हणाली, ‘‘मी ऑफिसला सुकट नेतच नाही. वास येतो म्हणतात.’’ त्याच ऑफिसात बाहेरून तळलेले चिकन मागवले की सगळे एका खोक्यात हात घालतात. मग वास नेमका कशाचा येतो? सुकटीचा की वस्तीचा?

एम. एन. श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण सांगितले. खालच्या मानलेल्या जाती मांस, दारू सोडून वरच्यांसारखे वागू पाहतात, हा त्यातला एक भाग. आज त्याला नवी वाट फुटली आहे. मांस सोडायचे नाही, फक्त त्याला इंग्रजी नाव आणि छापील खोका द्यायचा. खोक्याला प्रतिष्ठा मिळते, आईच्या हाताला मिळत नाही. शाहू पाटोळे यांना ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे जेवण नोंदवावे लागले, कारण तथाकथित मराठी खाद्यसंस्कृतीत त्याला पान वाढलेलेच नव्हते.

आणि हा नुसता चवीचा मामला नाही. बदलापुरात भाड्याने घर शोधताना एजंटचा दुसरा-तिसरा प्रश्न आम्हाला ठरलेला असतो, ‘‘नॉनव्हेज खाता का?’’ जात विचारायला आता संकोच वाटतो, ताट विचारायला वाटत नाही. उत्तर मात्र दोन्हींचे एकच मिळते.

आपल्या शेजारची गोष्ट घ्या. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्ट २०२५ साठी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचा आदेश काढला. आधार दिला १९८८ च्या ठरावाचा. आरडाओरड झाल्यावर, खाण्यावर बंदी नाही, असा खुलासा आला. म्हणजे स्वातंत्र्यदिनी पोट भरण्याचे स्वातंत्र्य आहे, फक्त खाटकाने दुकान उघडायचे नाही! आदेशाचा रोख परवानाधारक खाटीक आणि कोंबडीविक्रेत्यांवर होता. रोज कमावून रोज खाणाऱ्याचा गल्ला बंद ठेवून कोणते पावित्र्य राखले जाते? कोंबडी तीच. सत्तेला खुपतो तो तिच्यामागचा माणूस.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. डोनट खुशाल खा. पण काचेचे दार उघडले म्हणजे समता आली, असे समजू नका. ते दार पैशाला उघडते. पाकीट रिकामे झाले की बंद होते. तिथे ट्रे पुसणारा पोरगा आपल्याच वस्तीतला आहे. त्याला किती तास उभे राहावे लागते, पगार वेळेवर मिळतो का, पीएफ कापला जातो का, हे विचारा. येत्या १४ एप्रिलला वस्तीत स्टॉल लावाल, तेव्हा पावभाजीच्या शेजारी वजरी-भाकरीचाही लावा, तिच्या नावाची पाटी मोठ्या अक्षरात लावा आणि तो चालवायला आपल्या बचत गटातल्या बायांना पुढे करा. भाड्याच्या घरासाठी ताट विचारणाऱ्याला उलट विचारा, ‘‘हा नियम लेखी द्याल का?’’

आणि उद्या ऑफिसला सुकट न्या. झाकण उघडताना इकडेतिकडे बघू नका.

जय भीम!