परदेशात कोणते कार्ड न्यावे?

पै-पै साठवून सुटीत दुबईला जाणारी कुटुंबे हल्ली रोख रकमेबरोबर बँकेचे कार्डही नेतात. दुबईत दिरहम हे चलन चालते. आपल्या खात्यात मात्र रुपये असतात. हा चलनबदल करताना बँक शुल्क घेते. अनेक कार्डांवर ते शेकडा साडेतीन रुपये असते. त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी! म्हणजे १०,००० रुपयांच्या खरेदीवर ३५० आणि ६३, असे ४१३ रुपये जादा जातात. एवढ्यात घरच्यांसाठी खजूर आले असते.

'वार्षिक फी नाही' एवढे ऐकून कार्ड घेऊ नये, असे मला वाटते. आधी चलनबदलाचे शुल्क विचारावे. काही कार्डांवर ते मुळीच नसते. आगाऊ पैसे भरून घ्यायचे प्रवासी कार्डही मिळते, पण त्यात दिरहमच भरून घ्यावेत. डॉलर भरले आणि दिरहम खर्च केले, तर बहुधा पुन्हा शुल्क पडते. क्रेडिट कार्डाने रोख रक्कम काढणे तर मला अजिबात पटत नाही. त्यावर सहसा त्याच दिवसापासून व्याज लागते.

दुकानातील यंत्र कधी कधी विचारते, "रुपये की दिरहम?" रुपये ओळखीचे, म्हणून माणूस चटकन रुपये निवडतो. मग दर आपली बँक ठरवत नाही, यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महागच असतो. शिवाय काही बँका अशा व्यवहारावरही आपले शुल्क लावतात. तेव्हा दिरहमचे बटण दाबावे.