पेन्शनीचा पैसा आणि गुंठ्याची जागा

फौजेतून निवृत्त होऊन आलेला जवान फंडाच्या पैशातून घरासाठी गुंठा शोधू लागतो. शिरूरला रांजणगाव एमआयडीसीमुळे, दौंडला रेल्वे जंक्शन नि कुरकुंभमुळे जागेला मागणी आहेच. पण बंधूंनो, एजंट पुढे करतो तो नमुना 8 चा उतारा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतातल्या एक-दोन गुंठ्यांचा वेगळा सातबारा सहसा निघत नाही. मग पाच-दहा नावं सामाईकात चढतात आणि बँक कर्जाला हात वर करते. 2025 मध्ये निवासी क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करायचं ठरलं खरं, पण त्या भरवशावर आज शेतातला नवा तुकडा घेऊ नका. बिगरशेती आदेश आणि मंजूर रेखांकन आधी मागा.

माती हा आमच्या खात्याचा विषय, म्हणून सांगतो. भीमाकाठच्या काळ्या रानात ऊस झकास, घराला मात्र ती माती वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती तडकतात. पाया मुरमापर्यंत न्या, तिथं काटकसर नको.

आणि ग्रामसेवक मंडळी, 2020 च्या शासन निर्णयानं माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ आहे. तो विचारायला येईल याची वाट न पाहता अर्ज तुम्हीच त्याच्या हाती द्या.