कुत्र्याचं घर आणि वऱ्हाडातला उन्हाळा

मंडळी, कुत्र्यासाठी लाकडाचं तयार घर हल्ली मोबाईलवरून मागवता येतं. उतरतं लाल छप्पर, कमानदार दार, वर हाडाचं चित्र आणि त्यात नाव लिहायला जागा. दिसायला गोजिरवाणं. आमच्या तिवस्यातही अशी दोन-तीन आली आहेत. माझं मत विचाराल तर हे घर आपल्या मुलखाचं नाही. ते बर्फ पडणाऱ्या देशाचं आहे.

जरा समजावून सांगतो, मास्तरकीची सवय जात नाही! थंड देशात कुत्र्याचं घर मुद्दाम लहान ठेवतात. कुत्र्याच्या अंगाच्या उबेनं आतली हवा गरम व्हावी आणि ती बाहेर जाऊ नये, म्हणून दार बुटकं, फटी बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी मदार जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. तोंडातला ओलावा हवेत उडतो, तेव्हा अंग निवतं. बंद खोक्यात त्याच्याच श्वासानं हवा दमट होते, ओलावा उडेनासा होतो आणि कुत्रं कितीही धापलं तरी आतून तापतच जातं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ओळखीतल्या एका घरी लॅब्राडोर होता. त्याला असंच घर आणलेलं. छपराला टिनाचा पत्रा, दार पश्चिमेला, आणि गळ्यात आखूड साखळी. घरची मंडळी लग्नाला गेली होती. पाण्याचं भांडं लवंडलं असावं. संध्याकाळी परतली तेव्हा सगळं संपलेलं. माणसं वाईट नव्हती हो, हौसेनं पैसे मोजून घर घेतलं होतं. त्यांचं लहान लेकरू दोन दिवस जेवलं नाही.

आमच्या लहानपणी कुत्र्याला घर आहे का, असं कुणी विचारतच नसे. मातीचं घर, वर कवेलू, पुढे ओसरी. दुपारी कुत्रं ओसरीच्या कोपऱ्यात, नाहीतर गोठ्यात, नाहीतर सोडलेल्या बैलगाडीखाली. आता घराघरांवर स्लॅब आली, खाली टाईल्स आल्या, अंगणात सिमेंट आलं. गोठा गेला, गाडी गेली. आमचं जुनं घर पाडलं तेव्हा ओसरीवर बसणाऱ्या आम्हा दोघांचीही जागा गेली. मला निदान आत कूलरपुढे खुर्ची मिळाली.

सुताराला घराचं माप सांगितलं तर तो म्हणाला, "गुर्जी, माणसाले घरकुल भेटून नाही राह्यलं, अन् तुम्ही कुत्र्याले काहून बांधता जी?" त्याचा प्रश्न खोटा नाही. पण मोकळं कुत्रं आपली सोय आपण पाहतं. नालीकाठचा ओला गाळ, उभ्या ट्रकखालची सावली, नळाजवळचं डबकं, त्याला सगळं ठाऊक असतं. आपण साखळी घातली की हे सगळं त्याच्याकडून काढून घेतलं. मग सावली देणं आपल्याकडे लागतं. यात उपकार कसला?

कायद्यातही हे आहे बरं का. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे फार आखूड किंवा जड साखळीनं जनावर बराच वेळ बांधून ठेवणं गुन्हा आहे. ज्यात हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं गुन्हा आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हाही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात तर कुत्र्याचा पट्टाही येत नाही. असो.

आता लाकडाचं. सागवान सर्वांत उत्तम, त्यातल्या तेलामुळे उधई सहजी लागत नाही. पण मेळघाटचं नवं सागवान कुत्र्यासाठी कोण घेणार? गावोगावी जुनी घरं पडताहेत, त्यांची दारं, फाटे, खिडक्या विकायला असतात. ते लाकूड घ्या, पन्नास-साठ वर्षं मुरलेलं असतं. फक्त जुना ऑईलपेंट नीट काढून टाका. त्यात शिसं असू शकतं आणि कुत्रं लाकूड चावणारच. पायांना बाभूळ चालते. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण त्याला लवकर कीड लागते. प्लायवूडचा हलका माल एका पावसाळ्यात फुगतो. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या वापरायच्या तर शिक्का पाहा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं लाकूड, ते चालेल. 'एमबी' म्हणजे विषारी वायू दिलेलं, ते नको. उधईसाठी काहीजण जळकं इंजिन ऑईल फासतात, तेही नको. जवसाचं तेल बाहेरून दोन हात लावा, आपल्याच मातीतलं आहे.

माप दुकानदाराला विचारू नका, कुत्र्याला विचारा. आत त्याला मान ताठ ठेवून उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे आणि चारी पाय लांबवून कुशीवर झोपता आलं पाहिजे. पिल्लू असेल तर पूर्ण वाढीचा अंदाज धरा. समोरासमोर दोन बाजूंना वरच्या अंगाला झरोके हवेतच. घर विटांवर चढवून ठेवा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उधई तिथूनच वर येते. दार पूर्वेला किंवा उत्तरेला, म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही चुकतात. पत्रा टाकायचाच असेल तर वर तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाड थर द्या, मधे हवा खेळेल असा. पण ठिणगी पडेल अशा चुलीजवळ तो नको.

छप्पर बिजागरीवर उघडणारं करून घ्या, हे मी आग्रहानं सांगतो. गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून फटीत अंडी घालते. अंगाला कितीही औषध लावा, घर उघडून उन्हात तापवलं नाही आणि फटी बुजवल्या नाहीत तर ती पुन्हा चढते. आत गादी नको, गोणपाट बरं. आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढता येतं.

आमचा काळ्या गावठी आहे, वय झालंय. भर उन्हाळ्यात दुपारी तो घरात पायही ठेवत नाही. कूलरचं पाणी जिथे गळतं त्या ओल्या मातीत पोट टेकवून पडतो. म्हणून घर मी तिथून चार हातांवर, कडुनिंबाखाली ठेवलंय. रात्री पाऊस आला की मुकाट्यानं आत जातो.