चारकोपच्या ताटात ताजी भाजी हवी
जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून म्हाडाने मुंबईतील चारकोपची वसाहत आखली. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना छोटे भूखंड मिळाले, घरे उभी राहिली. आता त्या घरांतल्या मुलांच्या ताटाकडे पाहायला हवे. वडापाव हाकेच्या अंतरावर मिळतो. रास्त दरातली पालेभाजी आणि फळेही तितकीच जवळ हवीत. २०१६मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शेतकऱ्याला थेट विक्रीची वाट मोकळी झाली. पालिकेने सेक्टरनिहाय शेतकरी आठवडी बाजारासाठी हक्काची जागा द्यावी, तीही आईवडील कामावरून परततात त्या संध्याकाळच्या वेळी. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे भाजीविक्रेत्यांना परवाने द्यावेत. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने पोषणमान उंचावणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. ते प्रभागाच्या नियोजनात दिसलेच पाहिजे.