व्हॅनला कारचे टायर लावले तर काय होतं? टायरवरचा 'लोड इंडेक्स' समजून घ्या

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. सुसाट वेगात तासन् तास धावताना टायर फुटणं ही या रस्त्यावरची मोठी भीती. म्हणूनच परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणीची मोहीमही राबवली. अशा तपासणीत नजर जाते ती टायर गुळगुळीत झालाय का, याकडे. पण टायर नवाकोरा असूनही चुकीचा असू शकतो. विशेषतः व्हॅनचा.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

समजा टायरवर '१९५/७० आर १५ सी १०४/१०२ आर' असं लिहिलंय. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूची टक्केवारीतली उंची आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. 'सी' म्हणजे कमर्शियल, अर्थात जड वापराचा टायर.

पुढचा १०४ म्हणजे लोड इंडेक्स. हे किलो नाहीत, हा ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. १०२ म्हणजे ८५० किलो. मागे जोडटायर असतील तर हा आकडा धरायचा. शेवटचा 'आर' वेगमर्यादा सांगतो : ताशी १७० किलोमीटर.

मग गडबड कुठे होते?

कारचा '१९५/६५ आर १५' हा टायरही त्याच १५ इंची रिमवर बसतो. दिसायला जवळपास तसाच. पण त्याचा लोड इंडेक्स बहुतेक वेळा ९१ असतो, म्हणजे फक्त ६१५ किलो.

एक हिशेब पाहा. व्हॅनच्या मागच्या एक्सलची क्षमता १,६०० किलो आहे. दोन टायर, म्हणजे प्रत्येकी ८०० किलो. त्यासाठी लोड इंडेक्स किमान १०० हवा. १०४ चे दोन टायर १,८०० किलो पेलतात. ९१ चे दोन मिळून १,२३० किलोच. म्हणजे व्हॅन पूर्ण भरली की ३७० किलोंची तूट.

गाडीचं एकूण वजन चारने भागून चालत नाही, ते याचसाठी. माणसं आणि सामान भरलं की बराचसा भार मागे जातो.

टायर लगेच का फुटत नाही?

जास्त भाराखाली टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला प्रमाणाबाहेर दबते. त्यातून उष्णता तयार होते. रबर आणि आतल्या दोऱ्यांचे थर हळूहळू सुटू लागतात. गावात कमी वेगात काही जाणवत नाही. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, महामार्गावर मात्र तोच टायर दगा देतो. हवा कमी असेल तर धोका आणखी वाढतो, कारण लोड इंडेक्सची क्षमता योग्य हवा असेल तरच मिळते.

कायदा काय म्हणतो?

- कार-व्हॅनच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी.
- मालवाहू गाडीत जादा भार असेल तर २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.
- प्रवासी वाहनात मात्र जादा प्रवाशामागे दंड फक्त २०० रुपये. टायरला हा फरक कळत नाही. त्याच्यासाठी माणूस काय आणि पोतं काय, वजन सारखंच.

टायर घेताना काय पाहाल?

- दाराच्या चौकटीवरचं स्टिकर किंवा गाडीचं मॅन्युअल बघा. त्यातल्यापेक्षा कमी लोड इंडेक्स घेऊ नका.
- जास्त इंडेक्सचा टायर लावला म्हणून गाडीत जास्त भार भरता येत नाही. स्प्रिंग, एक्सल आणि ब्रेक तेच राहतात.
- उत्पादनाची तारीख पाहा. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.
- दुकानात साइजबरोबर लोड इंडेक्सही सांगा आणि बिलावर लिहून घ्या.

स्वस्त टायरमुळे वाचलेले पैसे गाडीमालकाच्या खिशात राहतात. धोका मात्र मागे बसलेल्यांच्या वाट्याला येतो. मग ती शाळेची मुलं असोत किंवा देवदर्शनाला निघालेलं कुटुंब. टायरवरचा हा आकडा गाडीत बसण्याआधी कुणालाही वाचता येतो.